चवदार तळें कोणाचें?

श्रोतेहो, आपण नळाची तोटी फिरवितों, पाणी येतें, आणि तें कोणाचें हा प्रश्न कोणाच्या मनांत उभा राहत नाहीं. पाणीपट्टी भरली कीं आपला हक्क पुरा झाला असें आपण धरून चालतों. परंतु नळ येण्यापूर्वीं गांवोगांव एखादें तळें असे, त्याच्या कांठीं घरें असत, आणि कांठच्या मंडळींचा पुष्कळसा कारभार त्या पाण्याभोंवतींच फिरत असे. गाळ केव्हां उपसावयाचा, गुरें कोणत्या बाजूनें उतरवावयाचीं, धुणें कोठें धुवावयाचें आणि पिण्याचें पाणी कोठें भरावयाचें, हें सारें ठरलेलें असे. कोणीं ठरविलें, केव्हां ठरविलें, याचा कागद मात्र सहसा सांपडत नसे. आज मला अशा एका तळ्याचा इतिहास सांगावयाचा आहे कीं, ज्याच्याविषयीं कागदावर ठराव झाला, तो रद्दहि झाला, आणि त्यामागोमाग उभा राहिलेला तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयांत जाऊन मिटला.

मी कर्जत तालुक्यांतील कडावचा. दिगंबर गणपतीच्या देवळामुळें आमचें गांव पुष्कळांना ऐकून ठाऊक असतें. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने पाऊस नुसता कोसळतो. आणि त्याच डोंगरांतील वाड्यांवर वैशाखांत बायका हंडे घेऊन पाण्यासाठीं वणवण करतात. त्यामुळें सांठविलेल्या पाण्याची किंमत आम्हांस कोणीं शिकवावी लागत नाहीं. आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यांत, बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीला नाना फडणविसांनीं बांधविलेलें तळें आणि महादेवाचें देऊळ आहे. पुण्याकडे घाट चढणारा आणि कोंकणांत उतरणारा वाटसरू तेथें थांबावयाचा. अशा तळ्याविषयीं तंटा होण्याचें कारण थोडें; बांधणाराचें नांव ठाऊक आहे आणि त्याचा हेतूहि ठाऊक आहे. तिकडे भंडारा आणि चंद्रपूर भागांत कोहळी लोकांनीं बांधलेलीं शेंकडों तळीं आहेत. तीं भातशेतीसाठीं केलेलीं, मालगुजारांच्या ताब्यांतलीं. तेव्हां पाणी कोणाच्या शेताला किती, हें ठरविण्याची रीतहि त्या शेतीबरोबरच वाढली. पण जें तळें कोणीं बांधलें, कधीं बांधलें, हें कोणालाच सांगतां येत नाहीं, त्याचें धनी कोण? कांठावर राहणारे, कीं सारें गांव, कीं गांवांत येणारा तहानेला प्रत्येक माणूस?

महाडचें चवदार तळें हें अशा जातीचें. महाड आणि कर्जत हीं एकाच जिल्ह्याचीं दोन टोंकें. हा जिल्हा त्या काळीं कुलाबा म्हणून ओळखला जाई, १९८१ सालीं त्यास रायगड हें नांव मिळालें. सावित्री नदीच्या कांठचें महाड ही जुनी पेठ. तळ्याच्या नांवाविषयींच दोन मतें आहेत. चवदार म्हणजे गोड पाण्याचें, हा सरळ अर्थ. परंतु पुढें कोर्टांत जे कागद आले त्यांत चौधरी तळें असेंहि नांव येतें. नांवाचा हा फरक क्षुल्लक समजूं नये. चवदार म्हटलें म्हणजे गुण पाण्याचा होतो, आणि चौधरी म्हटलें म्हणजे पाण्याला एक धनी मिळतो.

तळ्याचा विस्तार चार-पांच एकरांचा. पावसाच्या पाण्यानें आणि पोटांतील झऱ्यांनीं तें भरतें. तें निदान अडीचशें वर्षांचें जुनें आहे एवढें दोन्हीं पक्षांना मान्य होतें. त्यापलीकडे कोणाला कांहीं सांगतां आलें नाहीं. सभोंवतीं नगरपालिकेचा रस्ता, रस्त्याच्या पलीकडे घरें. हीं घरें बहुतेक सवर्ण हिंदूंचीं, थोडीं मुसलमानांचीं. रस्त्याच्या अलीकडे, अगदीं पाण्याच्या कडेला, ज्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्या होत्या त्यांतल्या पुष्कळ याच घरवाल्यांच्या मालकीच्या होत्या. पाण्यांत उतरण्याच्या पायऱ्या आणि घाट त्यांनीं आपल्या खर्चानें बांधलेले, कांठाचे दगडी बांधहि कित्येक ठिकाणीं त्यांचेच. हें चित्र श्रोत्यांनीं नीट डोळ्यांसमोर आणावें. कारण पुढचा सर्व वाद या चित्रांतून निघाला. ज्यानें पायऱ्या बांधल्या, ज्याच्या आजानें तेथें स्नानसंध्या केली, ज्याच्या घरची पहिली घागर रोज पहांटे तेथें भरली जाते, त्याला हें पाणी आपलें वाटावें यांत मला नवल वाटत नाहीं. मीं आयुष्यभर मास्तरकी केली. वर्षभर एका बांकावर बसलेल्या मुलाला तें बांक वडिलार्जित वाटूं लागतें, आणि नवा मुलगा तेथें बसला कीं तक्रार येते, हें मीं दरवर्षीं पाहिलेलें आहे.

पण नगरपालिकेचें काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाडला नगरपालिका स्थापन झाली आणि तळें तिच्या ताब्यांत आलें. तेव्हांपासून कायद्याच्या दृष्टीनें तें सार्वजनिक झालें. व्यवहारांत मात्र एक वर्ग त्यापासून दूरच राहिला. महाड ही बाजाराची जागा. भोंवतालच्या खेड्यांतून महार, चांभार मंडळी खरेदीसाठीं येत. शिवाय गांवकामगार म्हणून सरकारी टपाल पोंचविण्यास, वसुलाचा भरणा करण्यास त्यांना तालुक्याच्या गांवीं यावेंच लागे. परक्या माणसानें पाणी प्यावें असें गांवाच्या मध्यभागीं हें एकच तळें. ज्यांना त्या काळीं अस्पृश्य म्हणत त्यांना तेथें मज्जाव. पाणी पाहिजे तर गांवाच्या कडेला त्यांच्या वस्तींतील विहिरीपर्यंत जावें, आणि त्या विहिरीकडेहि नगरपालिकेचें लक्ष नसल्यामुळें ती दुर्दशेला आलेली. सरकारी भरणा ज्याच्या हातून चालतो त्याच्या हातचें भांडें सरकारी तळ्याला चालत नाहीं! ही विसंगति लिहून दाखविल्याशिवाय लक्षांत येत नाहीं, इतकी ती त्या काळीं अंगवळणीं पडली होती.

या रीतीला पहिला धक्का मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बसला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव कौन्सिलनें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर केला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, न्यायालयें आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावे, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यांत सरकारनें आपल्या खात्यांना तशी आज्ञा दिली. नगरपालिका या स्वतंत्र संस्था असल्यामुळें त्यांनीं आपल्यापुरता निर्णय करावयाचा होता. महाडच्या नगरपालिकेनें तो केला. ५ जानेवारी १९२४ रोजीं तिनें ठराव केला कीं, अस्पृश्यांनीं तळ्याचा उपयोग करण्यास नगरपालिकेची हरकत नाहीं.

मला या ‘हरकत नाहीं’वर थोडें बोलूं द्या; व्याकरण शिकविणाऱ्याची ही खोड आहे. घरीं पाहुणा आला असतां आपण ‘या, बसा’ म्हणतों. ‘तुम्ही बसलांत तर आमची हरकत नाहीं’ असें म्हटल्यावर किती पाहुणे बसतील? महाडच्या नगरपालिकेंत सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे खऱ्या तळमळीचे सुधारक होते, आणि ते तिच्या अध्यक्षपदींहि होते. त्या काळच्या मानानें तो ठराव धाडसाचाच म्हटला पाहिजे. परंतु सभागृहांतील ठराव आणि तळ्याची पायरी यांमध्यें कांठावरचीं घरें होतीं. ठरावानंतर तीन वर्षें लोटलीं तरी एकाहि अस्पृश्य माणसाची तळ्यावर जाण्याची छाती झाली नाहीं. त्यास भित्रेपणा म्हणूं नये. बाजारांत उधारी ज्यांच्याकडे, शेत कसावयाला ज्यांचें, त्यांच्याच दारासमोरून घागर घेऊन जावयाचें होतें.

१९२७ सालच्या मार्चमध्यें महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. महाड भागांतीलच रा. बा. मोरे यांच्यासारख्या तरुणांची तीमागें खटपट होती. संभाजी तुकाराम गायकवाड स्वागताध्यक्ष होते. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. गांवोगांवचे सुमारें अडीच हजार लोक जमले. एवढ्या समुदायाला पाणी पाहिजे म्हणून परिषदेच्या चालकांनीं ४० रुपयांचें पाणी सवर्णांकडून विकत घेतलें. मला या हकीकतींतला हा चाळीस रुपयांचा आंकडा सर्वांत बोलका वाटतो. नगरपालिकेचें चार-पांच एकरांचें तळें भरलेलें, तें खुलें असल्याचा ठराव दप्तरांत पडलेला, आणि त्याच गांवांत माणसांनीं पाणी रोख पैसे मोजून घेतलें.

दुसऱ्या दिवशीं, २० मार्चला, काम संपतां संपतां अनंतराव चित्रे यांनीं सभेपुढें गोष्ट मांडली कीं, नगरपालिकेचा ठराव आहे, तर आपण आतांच तळ्यावर जाऊं. चित्रे हे कायस्थ प्रभु. म्हणजे सूचना करणारा सवर्णांतलाच होता. सभा उठली आणि चौघाचौघांच्या रांगा करून शांतपणें बाजारांतून तळ्याकडे निघाली. डॉ. आंबेडकरांनीं ओंजळीनें पाणी घेतलें, त्यांच्यामागून इतरांनीं घेतलें, आणि मंडळी परत मांडवाकडे आली.

त्यानंतर जें झालें तें महाडला भूषणावह नाहीं. हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली, आणि लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावानें जेवावयास बसलेल्या, घरोघर परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. जखमींत बायकाहि होत्या. मार खाणाऱ्यांत सैन्यांतून आलेले पुष्कळ गडी होते, त्यांच्या हातून प्रत्युत्तर सहज झालें असतें, डॉ. आंबेडकरांनीं त्यांना आवरलें. पुढें हल्लेखोरांपैकीं पांच जणांना चार चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याची मात्र शुद्धि करण्यांत आली. दूध, दहीं, गोमूत्र आणि शेण यांनीं मिसळलेल्या १०८ घागरी मंत्रघोषांत तळ्यांत सोडल्या, आणि पाणी पुन्हां पिण्यायोग्य झालें असें जाहीर झालें. या तळ्याचें पाणी मुसलमान भरीत होते, गुरें पीत होतीं. तेव्हां कोणाला अशा घागरींची आठवण झाली नव्हती.

आणि मग ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावाला त्याच दिवशीं बरोबर चार वर्षें पुरीं होत होतीं. लोकनियुक्त संस्थेवर कांठच्या लोकांचें दडपण किती असतें याचें हें उदाहरण आहे. सभासद त्याच गांवांत राहणारे, त्याच दुकानांत बसणारे. ज्यांच्या विरोधांत ठराव टिकवावयाचा ते रोज भेटणारे, मत देणारे. ज्यांच्यासाठीं टिकवावयाचा ते आठवड्याच्या बाजाराला येऊन अंधार पडण्यापूर्वीं परत जाणारे. मी नगरपालिकेचें समर्थन करीत नाहीं. परंतु नुसत्या शिव्या देऊन हें समजणार नाहीं. आजहि आपल्या सोसायट्यांत, मंडळांत, ग्रामसभांत जो बैठकीला हजर असतो त्याची सोय पाहिली जाते. जो बाहेर उभा असतो त्याच्याविषयीं नुसतें ‘हरकत नाहीं’ असें लिहून ठेवितात.

नगरपालिकेनें ठराव फिरविल्यावर डॉ. आंबेडकरांनीं डिसेंबरांत महाडला पुन्हां परिषद आणि सत्याग्रह करण्याचें ठरविलें. कांठच्या मंडळींनीं आतां दुसरी वाट धरली. त्यांच्यापैकीं कांहींनीं १२ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयांत दावा लावला कीं, तळें आमच्या मालकीचें आहे, त्याचा उपयोग करण्याचा हक्क आमचाच आहे. आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेला जागा देण्यास कोणी हिंदु तयार होईना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. डॉ. आंबेडकर २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीनें मुंबईहून निघाले, दुसऱ्या दिवशीं दासगांवच्या बंदरीं उतरले, आणि तेथून मंडळी पायीं महाडला आली. त्याच दिवशीं परिषदेंत त्यांनीं केलेलें भाषण मराठी वक्तृत्वांत मोलाचें आहे. १७८९ सालीं फ्रान्समध्यें भरलेल्या राष्ट्रसभेशीं त्यांनीं या परिषदेची तुलना केली. तळ्याचें पाणी न प्यायल्यानें आजवर आम्ही मेलों नाहीं, प्रश्न माणूस म्हणून बरोबरीच्या हक्काचा आहे, असें त्यांनीं स्पष्ट केलें. रात्रीं गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचें दहन झालें. याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, म्हणून मी तेथें थांबत नाहीं.

मला थांबावयाचें आहे तें पुढच्या दोन दिवसांवर. सत्याग्रहासाठीं हजारों लोक सिद्ध होऊन आले होते. पोटाला चिमटा घेऊन, मजुरी बुडवून आले होते. समोर न्यायालयाचा मनाईहुकूम होता. जिल्ह्याच्या कलेक्टरांना परिषदेपुढें बोलूं देण्यांत आलें; न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत थांबा, असें त्यांनीं सांगितलें. लोकांनीं ऐकून घेतलें, परंतु पुष्कळांचें मन मानेना. वक्त्यांमागून वक्ते उभे राहिले. तुरुंगांत जाऊं पण पाणी घेऊं, असा बहुतेकांचा सूर होता. डॉ. आंबेडकरांनीं तो सूर दाबला नाहीं. दुसऱ्या दिवशीं, २७ डिसेंबरला, त्यांनीं आपलें मत मांडलें: आज स्पृश्य समाज विरुद्ध आहे, मनाईहुकूम मोडला तर सरकारहि विरुद्ध जाईल, दोघांशीं एकाच वेळीं लढावयाचें काय, हें तुम्हीच ठरवा. परिषदेनें सत्याग्रह तहकूब केला. मग मंडळी मिरवणुकीनें निघाली, तळ्याला वळसा घालून आली, आणि एकानेंहि पाण्याला हात लावला नाहीं.

श्रोतेहो, एकाच वर्षांत एकाच गांवांत दोन सभांनीं आपला आधीचा निश्चय बदलला. नगरपालिकेनें बदलला तो तळ्याकांठच्या रागाला भिऊन. परिषदेनें बदलला तो विरुद्ध पक्षाच्या अधिकाऱ्याचें बोलणें ऐकून, आपसांत दोन दिवस वाद करून, आणि नंतर सर्वांनीं तो पाळून. यांतील शिकली-सवरलेली सभा कोणती होती? त्या काळच्या वर्तमानपत्रांचें उत्तर एक असेल. माझें वेगळें आहे.

दाव्याची कथा थोडक्यांत सांगतों. तात्पुरता मनाईहुकूम २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं उठला. महाडच्या न्यायालयानें ८ जून १९३१ रोजीं वादींच्या विरुद्ध निकाल दिला. ठाण्याला अपील झालें, तें ३० जानेवारी १९३३ रोजीं फेंटाळलें गेलें. तेथून प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत आलें. तोंपर्यंत मालकीचा दावा टिकला नव्हता. तळें नगरपालिकेकडे निहित आहे, हें ठरून गेलें होतें. कांठच्या पट्ट्या तुमच्या, पायऱ्या तुमच्या, पण म्हणून पाणी तुमचें होत नाहीं. उरला होता तो वहिवाटीचा मुद्दा. अनादि काळापासून अस्पृश्यांना येथें मज्जाव आहे, आणि ही वहिवाट हाच आमचा हक्क, असें वादींचें म्हणणें.

न्यायमूर्ति ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ति वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं अपील फेंटाळलें. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींचा खटला ज्यांच्यापुढें चालला तेच. निकालाचा गाभा असा: वादींनीं सांगितलेली अनादि वहिवाट शाबीत झालेली नाहीं. साक्षीदारांनीं सांगितलें तें आपल्या आठवणींतलें, म्हणजे फार तर नगरपालिकेच्या काळांतलें. सवर्णांच्या वस्तीनें वेढलेल्या तळ्यावर एक वर्ग आला नाहीं, एवढ्यावरून त्याला न येऊं देण्याचा कायदेशीर हक्क दुसऱ्या वर्गाकडे होता असें निघत नाहीं. न आलेला आणि न येऊं दिलेला यांत कायदा फरक करतो. वहिवाट शाबीत झाली असती तर ती न्याय्य आहे कीं नाहीं, लोकहिताच्या विरुद्ध आहे कीं नाहीं, याचा विचार करावा लागला असता. ती वेळच आली नाहीं, असेंहि न्यायालयानें नमूद केलें. मला ही जागा थोडी उणी वाटते. न्याय मिळाला, पण पुराव्याच्या बाजूनें मिळाला. तत्त्वाच्या दारापर्यंत जाऊन न्यायालय परत फिरलें. २० मार्च १९२७ पासून मोजलें तर दहा वर्षांना तीन दिवस कमी होते.

तें दार पुढें राज्यघटनेनें उघडलें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या घटनेच्या १५ व्या कलमाचा दुसरा भाग जिज्ञासूंनीं काढून वाचावा. राज्याच्या पैशानें पूर्णतः किंवा अंशतः सांभाळलेल्या अथवा सर्वसाधारण लोकांच्या उपयोगासाठीं अर्पण केलेल्या विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांचा उपयोग करण्यास केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याहि नागरिकास आडकाठी करतां येणार नाहीं, असें तेथें लिहिलें आहे. ‘हरकत नाहीं’ ही शब्दयोजना त्यांत नाहीं. पहिल्या अटींत महाडचें तळें येतें, दुसरींत खोपोलीचें नानांचें तळें येतें. आणि घाटांचा निराळा उल्लेख आहे. हा मसुदा ज्या समितीनें केला तिचे अध्यक्ष महाडच्या दाव्यांत प्रतिवादी होते.